उपयुक्ततावाद की कर्तव्यवाद? आत्याच्या रिपोर्टच्या निमित्ताने

आत्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात ठरलं, तिला सांगायचं नाही. "साधी गाठ आहे गं," म्हणत मी तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसलो.

बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद इथे आमची बाजू घेईल. कृतीची योग्यता परिणामांवरून ठरते. सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज करायची. तिचे उरलेले दिवस सुखात जात असतील तर खोटं चालतं.

कर्तव्यवादी जर्मन तत्त्वज्ञ कांटला हे मुळीच चालत नाही. त्याच्या मते कृतीची योग्यता परिणामांवरून नाही, कर्तव्यावरून ठरते. १७८५ मध्ये त्याने लिहिलं की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. खोटं बोललं की समोरच्याचा स्वतः विचार करून ठरवण्याचा हक्कच आपण काढून घेतो. पण तो फार ताणतो. खुनी दारात येऊन आपल्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये, हे त्याने १७९७ मध्येही ठासून सांगितलं. मला ते पटत नाही, कधीच पटणार नाही.

उपयुक्ततावादावरची टीका मात्र जास्त बोचते. १९७१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सने म्हटलं, ही विचारसरणी माणसामाणसांतला वेगळेपणा गांभीर्याने घेत नाही. सगळ्यांची सुखदुःखं एकाच खात्यात जमा होतात. आमच्या खात्यात आमची सुटकाही होती : तिच्यासमोर रडावं लागलं नाही.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "खरं सांग, घराचे कागद करून ठेवू का?" मी म्हटलं, "कशाला घाई?"

हा प्रश्न आमच्या बेरजेत नव्हताच.