बंद पडलेलं जुनं इफेक्ट: पेडल, टेप एको आणि रॅक यांपैकी कशावर पैसे घालावेत?

गिटार किंवा गाण्याच्या आवाजाला वेगळा रंग देणारं यंत्र म्हणजे इफेक्ट. पायाने दाबायचं जुनं कोरस पेडल (आवाज दाट करणारं), टेपवर प्रतिध्वनी तयार करणारा टेप एको किंवा स्टुडिओच्या कपाटात म्हणजे रॅकमध्ये बसणारं युनिट प्लग लावूनही ढिम्म राहिलं की मालक एका टोकाला तरी जातो. एक तर "भंगारात काढा", नाहीतर "लागतील तेवढे लागू देत, पण चालू झालं पाहिजे". मला दोन्ही पटत नाहीत. अजिबात चालू न होणं हा अशा यंत्राचा बहुतेक वेळा स्वस्तातला आजार असतो. दोष वायर, फ्यूज, स्विच, डायोड, ट्रान्सफॉर्मर नाहीतर रेग्युलेटर यांच्यात कुठेतरी असतो, आणि हा सगळा माल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आजही मिळतो. न मिळणाऱ्या वस्तू या वीजपुरवठ्याच्या पुढे बसलेल्या असतात: टेपवर आवाज लिहिणारी-वाचणारी हेड्स, मोटर, कंपनीने स्वतःसाठी बनवलेल्या चिप्स. त्यामुळे काय बिघडलंय यापेक्षा काय शाबूत आहे, यावर निर्णय घ्यावा.

तीन यंत्रं शेजारी ठेवून बघू: बॉसचं सीई-२ कोरस (१९७९), रोलँडचं आरई-२०१ स्पेस एको (१९७४) आणि यामाहाचं रॅकमधलं एसपीएक्स९० (१९८५).

पेडल: आधी जॅक, मग अडॅप्टर

"मेलेल्या" पेडलांपैकी काही मेलेली नसतातच. बॉसचं पेडल इनपुटमध्ये जॅक घातल्याशिवाय चालूच होत नाही; बॅटरीचं निगेटिव्ह त्या सॉकेटच्या एका पात्यातून जोडलं जातं. पातं गंजलं किंवा वाकलं की पेडल गप्प. ते घासून पुसून सरळ केलं की झालं.

दुसरी भानगड अडॅप्टरची. जुन्या बॉस पेडलवर "एसीए" लिहिलेलं असतं. ती पेडलं त्या काळच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी होती आणि आत एक रेझिस्टर आणि डायोड व्होल्टेज उतरवायला बसवलेले असतात. आजचं रेग्युलेटेड ९ व्होल्टचं अडॅप्टर लावलं की पेडलला कमी व्होल्टेज पोचतं, एलईडी मिणमिणतो किंवा पेटतच नाही. गंमत म्हणजे तेच पेडल डेझी चेनवर (एकाच अडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणारी वायर) दुसऱ्या नव्या पेडलच्या जोडीने लावलं की नीट पेटतं, कारण ग्राउंड सिग्नलच्या केबलमधून जोडलं जातं आणि तो रेझिस्टर बाजूला पडतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ताजी ९ व्होल्टची बॅटरी घालून बघा. बॅटरीवर चाललं तर पेडल ठणठणीत आहे.

बॅटरीवरही चाललं नाही तर उलट पोलॅरिटीची शंका घ्या. उलटं अडॅप्टर लागलं की सप्लायवरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. काही रुपयांचा डायोड आणि सोल्डरिंग येणारा मित्र, एवढ्यात काम होतं. सीई-२ मधली एमएन३००७ चिप मूळ कंपनी आता बनवत नाही, पण बाहेर नव्या प्रती मिळतात. म्हणून जुन्या पेडलाबाबत माझं मत सरळ आहे: दुरुस्त करा. २०१६ पासून बॉसचंच सीई-२डब्ल्यू मिळतं आणि ते छानच आहे, पण एका डायोडसाठी नवीन पेडल कशाला?

स्पेस एको: इथे घाई नको

हे थेट मेन्सवर चालतं. आत हात घालण्याआधी प्लग काढा, आणि काढल्यावरही मोठे कंडेन्सर डिस्चार्ज होईपर्यंत थांबा. सवय नसेल तर कारागिराकडेच द्या.

पहिला प्रश्न: मशीन कुठलं? जपानातून आलेलं १०० व्होल्टचं मशीन इथल्या २३० व्होल्टला लावलं गेलं असेल तर फ्यूज उडालेला असतो, आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी (मेन्सच्या बाजूचं) वायंडिंगही जळालेलं. फ्यूजच्या जागी तार घालून बघणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत; तसं केलेलं दिसलं तर पुढचं नुकसान झालंय असंच धरा. चांगला कारागीर आधी सिरीज बोर्डवर मशीन लावतो. ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये असला की शॉर्ट असताना बल्ब भगभगीत पेटतो आणि मशीन वाचतं. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही.

ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणजे खेळ संपला असं नाही. आपल्याकडे रिवाइंडिंग करणारे आहेत, आणि तेच प्रायमरी २३० व्होल्टचं गुंडाळून घेतलं की २३० चे १०० व्होल्ट करणारा वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बाळगायची कटकटही जाते. पूर्व जपानात ५० हर्ट्झच असल्यामुळे फ्रिक्वेन्सीची अडचण येत नाही. फक्त जुनं वायंडिंग सोडताना सेकंडरीचे (मशीनच्या बाजूचे) वेढे मोजायला सांगा. ते चुकले की पुढचं सगळं चुकतं.

खर्च खरा पुढे आहे. टेपचा लूप बाहेरून मागवता येतो. पण प्लेबॅकची तीन हेड्स झिजून सपाट झाली असतील, टेप दाबून पुढे सरकवणारा पिंच रोलर टणक झाला असेल, मोटर अडखळत असेल, तर वीज आणून हाती काय येणार? भिंगातून हेड बघा. टेपने पाडलेली खोल चरी दिसली तर दुरुस्तीचा हिशेब दुप्पट धरा. हेड्स चांगली असतील तर मी मागेपुढे न बघता पैसे घालीन, कारण टेपची ती किंचित डगमग आणि स्प्रिंग रिव्हर्बची (स्प्रिंगने आवाज घुमवणारी सोय) खणखण मला तरी डिजिटलमध्ये तशीच्या तशी मिळालेली नाही. हेड्स गेलेली असतील, आणि तुम्हाला कार्यक्रमाला न्यायचं असेल, तर बॉसचं आरई-२०२ (२०२२) घ्या. त्यात टेप बदलायची नाही, साफ करायची नाही आणि उचलून कंबर धरायची नाही.

रॅक: दहा मिनिटं द्या, जास्त नको

एसपीएक्स९० चं फ्यूज, स्विच, कॉर्ड आणि रेग्युलेटर तपासून घ्या. त्यात सुटलं तर उत्तम. डिस्प्ले पेटतो पण कचरा अक्षरं दिसतात, असं असेल तर आतला लिथियम सेल संपलेला असू शकतो. सेल बदलल्यावर आधीच्या मालकाने साठवलेले प्रोग्राम जातील, कंपनीचे ३० राहतील. मात्र ५ व्होल्टचा रेग्युलेटर शॉर्ट होऊन जास्त व्होल्टेज पुढे गेलं असेल तर यामाहाच्या खास चिप्स मरतात आणि त्या फक्त दुसऱ्या एसपीएक्समधूनच मिळतात. अशा वेळी चालू स्थितीतलं दुसरं शोधा आणि हे पार्टसाठी ठेवा. हे मॉडेल स्टुडिओंमध्ये भरपूर खपलं, त्यामुळे ते दुर्मीळ नाही आणि जिवापाड जपावं असं त्यात माझ्या मते काही नाही.

आणि बंद मशीन विकत घ्यायचं ठरवत असाल, तर "फक्त फ्यूज गेलाय" या वाक्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. फक्त फ्यूजच गेला असता तर विकणाऱ्याने तो बदलून चालू मशीनचा भाव लावला असता.