बेताच्या किमतीचे इन-वॉल स्पीकर: काही महिने वापरल्यानंतर

कमी किमतीचे इन-वॉल, म्हणजे भिंतीतच बसवायचे स्पीकर खरंच चांगले वाजतात का? नवं घर बांधताना मला हाच प्रश्न पडला होता. आता उत्तर ठामपणे देता येतं: वाजतात, पण मागची भिंत नीट तयार केली असेल तरच. म्हणून मॉडेलच्या नावापेक्षा भिंतीबद्दलच जास्त लिहितोय.

साध्या स्पीकरला स्वतःचा डबा असतो आणि त्याचं आकारमान बनवणाऱ्याने हिशेबाने ठरवलेलं असतं. स्वस्त इन-वॉल स्पीकर मात्र बहुतेक करून मागून उघडे असतात. त्यांचा डबा म्हणजे तुमच्या भिंतीतली पोकळी. डाव्या स्पीकरमागे मोठी पोकळी आणि उजव्यामागे तिच्या निम्मी असेल, तर एकाच जोडीचे दोन स्पीकर बेसमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांत, वेगळे ऐकू येतात. आम्ही टीव्हीच्या भिंतीवर फ्रेम उभी करून जिप्सम बोर्ड लावणार होतोच, त्यामुळे सुताराकडून दोन्ही बाजूंचे कप्पे सारख्या मापाचे करून घेतले. वर-खाली आडव्या पट्ट्या टाकून ते बंद केले आणि दोन्हींत सारखीच ग्लासवूल भरली. या सगळ्या घडामोडीत माझ्या मते सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच.

निवड करताना बॉक्सवर छापलेल्या वॉटकडे मी फारसं पाहिलं नाही. सेन्सिटिव्हिटी पाहिली, म्हणजे ठरावीक ताकद दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो ते. एका स्पीकरची ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर तेवढाच आवाज काढायला दुसऱ्याला अ‍ॅम्प्लिफायरची निम्मीच ताकद लागते. साधा रिसीव्हर (अ‍ॅम्प्लिफायर ज्यात असतो तो डबा) वापरणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. शेवटी ६.५ इंची वूफर (खालच्या-मधल्या स्वरांसाठी), १ इंची सिल्क डोम ट्विटर (वरच्या स्वरांसाठी) आणि ८ ओहम रोध अशी टू-वे, म्हणजे दोन भागांची जोडी घेतली. ८ इंचीही बजेटमध्ये बसत होती, पण ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरकडेच, म्हणजे फक्त बेससाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे जाणार होतं, मग मोठं भोक कशाला? ट्विटर वळवता येणारा हवा, हा मात्र माझा हट्ट होता. भिंतीत बसलेला स्पीकर नंतर तुमच्याकडे तोंड करून फिरवता येत नाही, ट्विटर तेवढा फिरतो. सोफ्यावर बसल्यावर कान साधारण एक मीटर उंचीवर येतात, म्हणून ट्विटर त्याच उंचीला ठेवला. दोन स्पीकर आणि बसायची जागा मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो.

आता आवाजाबद्दल. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे संवाद. डब्याच्या स्पीकरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि काही स्वर दबतात. भिंतीच्या पातळीत बसलेल्या स्पीकरला तो त्रास नाही. त्याच कारणाने बेस मात्र जरा फुगतो, कारण मागे पसरणारा आवाजही भिंत पुढेच ढकलते. सुरुवातीला पुरुषांचे आवाज घुमायचे. रिसीव्हरमध्ये बेस २ डेसिबल कमी केला आणि घुमणं गेलं. रात्री कमी आवाजात बातम्या किंवा तानपुऱ्यासह गाणं ऐकताना शब्द न शब्द कळतो, आणि एवढ्या किमतीत मला त्याची अपेक्षा नव्हती.

काही आठवड्यांनी ठरावीक खालच्या स्वरांना बारीक खरखर येऊ लागली. ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टेस्ट टोन लावून पॅनेलवर हात फिरवत गेलो, तेव्हा सापडलं: आतली सैल वायर बोर्डला लागून थरथरत होती. फोमची पट्टी चिकटवली, वायर बांधली, प्रश्न मिटला. स्पीकरला बोर्डात पकडून ठेवणाऱ्या क्लिपांचे स्क्रूही एकदा हाताने तपासा. ड्रिलने आवळू नका, प्लास्टिकची चौकट वाकते.

वायर आधीच टाकायची असते, म्हणून तिथे काटकसर नको. रिसीव्हरपासून स्पीकर २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं होतं. २.५ चौरस मिमीच्या वायरीत त्याचा रोध साधारण ०.३ ओहम, म्हणजे स्पीकरच्या ८ ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध बराच जास्त असतो. वायर पाइपातूनच न्या, विजेच्या वायरींपासून लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात. बोर्ड लागण्याआधी मोजपट्टी धरून भिंतीचे फोटो काढून ठेवा. नंतर खिळा ठोकताना मला ते फार कामी आले.

स्पीकरवरची जाळी भिंतीच्याच रंगाची केली. आधी आतलं पातळ कापड काढून घ्या आणि मग स्प्रेने विरळ हात मारा. ब्रशने भोकं बुजतात आणि वरचे स्वर मंदावतात.

मनापासून खटकणारी गोष्ट एकच. उघड्या पाठीचा स्पीकर पुढे जेवढा वाजतो तेवढाच मागेही वाजतो. ग्लासवूल मधले-वरचे स्वर शोषते, बेस नाही. शेजारच्या खोलीत संवाद ऐकू येत नाहीत, पण चित्रपटातली धडधड पोचते. भिंतीपलीकडे कोणी झोपत असेल तर बंद पाठीचे मॉडेल घ्या, नाहीतर स्पीकरमागे वेगळा बॅकबॉक्स (बंद डबा) बसवा. थोडे पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या.

आणि घर बांधून झालेलं असेल, भिंत विटांची असेल, तर मी हे सुचवणार नाही. या स्पीकरना ३ ते ४ इंच खोली लागते, आणि अर्ध्या विटेची भिंत तेवढी खोदली की मागे काही उरत नाही. तिथे ब्रॅकेटवर बसवलेले छोटे बुकशेल्फ स्पीकर त्याच पैशात जास्त चांगले वाजतील.