उभा पिंजरा मी आडवा केला (पाचपैकी साडेतीन तारे)

आधीच सांगते, पिंजरा मी घेतलेला नाही आणि सरडाही माझा नाही. दोन्ही माझ्या मुलीचे, सईचे. ती गेल्या ऑगस्टमध्ये ऑस्टिनला कॉलेजात गेली. वसतिगृहात सरडे चालत नाहीत, त्यामुळे तात्या इथे टेक्सासमध्येच फ्रिस्कोला माझ्या गळ्यात पडला. तात्या म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, नर, वय तीन वर्षं. जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाकडची, पण हा अस्सल टेक्सासी, पाळीव जोडीच्या अंड्यातून निघालेला. डोक्यावर उंच तुरा आहे. तो पाहून आमच्या ह्यांना लग्नकार्यात फेटा बांधून मिरवणारे त्यांचे तात्याकाका आठवले, तेव्हापासून हेच नाव.

आता पिंजरा. काळ्या ॲल्युमिनियमची चौकट, चारी बाजूंना आणि वर बारीक जाळी, खाली पांढरं प्लॅस्टिक. माप २४ बाय २४ बाय ४८ इंच, म्हणजे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात माझाही हात आहे. खोक्यात सगळे भाग सुटे येतात, स्क्रू आपणच पिळायचे. जोडताना चार स्क्रूंचे आटे गेले, तिथे आजही झिप टाय आहेत. एवढं सोडलं तर तीन वर्षं काही तक्रार नव्हती. वजनाला हलका, मी एकटी उचलते. हवा खेळती राहते. पाणी फवारलं तरी आत कोंदट वास येत नाही. वर ऊन, खाली सावली, मध्ये मनी प्लांट आणि जास्वंदीची कुंडी. जास्वंदीची पानं आणि फुलं तो खातो. आमच्या गणपतीच्या वाट्याची फुलं पहिल्यांदा तात्याला जातात, हे माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

दोष छतात आहे. छताची जाळी इतकी बारीक की माणसाचं बोट जात नाही, पण सरड्याचं नख बरोबर जातं. तात्याला छताला उलटं धरून चालायची खोड होती. सई असताना ती वरच्या फांद्या अशा छाटायची की त्याला छत गाठता यायचं नाही. मी नवखी, मनी प्लांट वाढतोय म्हणून खूश होते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी चहा गाळत होते आणि टप्प असा आवाज आला. पाहते तर तात्या तळाशी, अंग भीतीने काळंठिक्कर, पुढचा उजवा पाय पोटाखाली वाकडा. वर छताच्या जाळीत एक नख लटकलेलं होतं. ते पाहून माझ्या पोटात जे झालं ते अजून होतं.

त्याला ओढलं नाही, पाय सरळ करायला गेले नाही. बुटांच्या खोक्यात जुना पंचा घातला, झाकणाला भोकं पाडली, अंधार केला आणि गाडी काढली. सरडे-कासवं बघणारा डॉक्टर आमच्यापासून ३५ मैलांवर आहे. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात फोन केला तर तिथल्या मुलीने नम्रपणे हात वर केले.

डॉक्टरीणबाईंनी दोन बाजूंनी एक्स-रे काढले. कोपराखालचं हाड मोडलं होतं. एक नख मुळासकट गेलं होतं, दुसरं अर्धं. कॅमेलिऑनच्या पायाची बोटं जुडीने असतात. पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन, बाहेरच्या बाजूला दोन, मागच्या पायाला नेमकं उलट. त्या दोन जुड्यांचा चिमटा करून तो फांदी पकडतो. चिमट्याचा एक पाय गेला की बाकीच्या तिघांवर भार येतो. पण बाई एक्स-रेकडे बोट दाखवून विचारत होत्या ते दुसरंच: "यूव्हीची नळी शेवटची कधी बदलली?" मी म्हटलं, चांगली लख्ख पेटतेय की. त्यावर त्या म्हणाल्या, डोळ्याला दिसणारा उजेड राहतो, अतिनील किरण मात्र आटत जातात, वर्षाला नळी बदलायची. आमची अडीच वर्षांची होती. ते किरण नाहीत तर अंगात डी-३ जीवनसत्त्व नाही, डी-३ नाही तर कॅल्शियम कितीही चारा, हाडात उतरत नाही. चार फुटांवरून पडणं आणि पातळ झालेलं हाड, दोन्ही मिळून तो पाय मोडला. पिंजऱ्याचे तारे कापताना हे विसरायचं नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

पायाला पातळ खपची, वर मऊ चिकटपट्टी. नखाच्या जागी दिवसातून दोनदा फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. तोंडातून वेदनाशामक. मात्रा लिहीत नाही, ती ग्रॅमावर ठरते आणि डॉक्टरनेच ठरवायची. तात्या १२८ ग्रॅम भरला. तेव्हापासून माझा स्वयंपाकघरातला काटा त्याच्या नावावर झाला, पिठासाठी मी नवीन घेतला. सगळ्यात मोठी सूचना उंचीची होती: सहा आठवडे एक फुटाच्या वर चढू द्यायचं नाही.

सगळे सांगतात ते आधी केलं. प्लॅस्टिकचा मोठा डबा आणला, झाकणाला जाळी, आत दोन फांद्या. दोन दिवस तात्या काळाच राहिला. डब्याच्या गुळगुळीत भिंतीत त्याला दुसरा नर दिसायचा, तो स्वतःच, आणि त्याच्यावर हा अंग फुगवून फिस्स करायचा. पाणी प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी विष्ठेबरोबरचा पांढरा भाग, म्हणजे युरेट, नारिंगी झालेला दिसला. पाणी कमी पडल्याची ती खूण.

त्या रात्री सईशी व्हिडिओवर बोलत होते. ती म्हणाली, "अगं आई, त्याच्याच पिंजऱ्यात ठेव ना, फांद्या खाली घे." मी म्हटलं, भिंती तर चार फुटी जाळीच्या, चढेलच तो. बोलता बोलता जिन्याखाली आडवी ठेवलेली इस्त्रीची घडवंची दिसली. उठले आणि पिंजरा आडवा पाडला.

आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. इथे कुंपणच पाडून झोपवलं. चार फूट उंचीची चार फूट लांबी झाली आणि छत दोन फुटांवर आलं. पुढचा दरवाजा पुढेच राहिला, फक्त बिजागरी खाली गेली, त्यामुळे तो ओव्हनच्या दारासारखा खाली उघडतो. औषध देताना त्याच दारावर हात टेकता येतो. ही सोय कंपनीच्या कुणाच्या डोक्यातही आली नसेल. तळाचं पांढरं प्लॅस्टिक आता डाव्या बाजूची भिंत झालं. तिकडून त्याला खोलीतली माणसं दिसत नाहीत, तो तिथेच तोंड करून बसायचा. डब्यातल्यासारखं त्यात प्रतिबिंब पडत नाही, कारण ते खरखरीत आहे. बाकी दोन बाजूंना माझी जुनी सुती ओढणी बांधली.

आडवं केल्यावर नवी जमीन जाळीची झाली, म्हणजे पुन्हा नखांचाच सापळा. आधी टॉवेल अंथरला. तासाभरात डाव्या पायाचं नख त्याच्या धाग्यात अडकलं, कारण टॉवेलला बारीक फासे असतात. मग पन्हाळी प्लॅस्टिकचा पत्रा, निवडणुकीच्या पाट्या असतात ना तसा, मापाने कापून टाकला आणि वर घट्ट विणीचा पंचा. दर दोन दिवसांनी पंचा धुवायचा. छताला आतून तोच पत्रा लावला, फक्त दिव्यांच्या खाली तेवढी जागा मोकळी ठेवली आणि त्या जागेखाली हाताच्या अंतरात एकही फांदी येऊ दिली नाही. फांद्या जाड घेतल्या, आडव्या, जमिनीपासून चार ते आठ इंचांवर, एकमेकींना जोडून, म्हणजे तीन पायांवर चालताना उडी मारायची वेळ येत नाही.

दिव्यांचं गणित सगळं नव्याने. नवी सहा टक्के यूव्हीची टी-५ (बारीक) नळी आणली. आधी ती छताच्या जाळीवर असायची. बारीक जाळी अतिनील किरणांचा जवळपास तिसरा हिस्सा खाते, हे मला आत्ता कळलं. ते धरून फांदी आणि नळी यांच्यातलं अंतर नव्याने ठरवलं. ऊबेचा बल्ब कमी वॉटचा घेतला, कारण जायबंदी जनावराला चटका बसला तरी ते झटकन हलू शकत नाही. फांदीवर थर्मामीटरचा काटा ८३ ते ८५ फॅरनहाइटच्या मध्ये ठेवला. हे मोजून ठेवा, हाताला कळत नाही. रात्री सगळे दिवे बंद, बारा तास पूर्ण अंधार.

पाणी वाटीतून तो पीत नाही, पानावरून घरंगळणारा थेंबच त्याला पाणी वाटतं. दुकानातलं ठिबकयंत्र उभ्या पिंजऱ्यासाठी, आडव्यात ते बसेना. माझ्याकडे माहेरून आणलेलं तांब्याचं अभिषेकपात्र होतं, महादेवाच्या पिंडीवर गळती धरतात ते. तांबं त्याच्या पोटात नको म्हणून नुसती कल्पना घेतली. प्लॅस्टिकच्या पेल्याला सुईने भोक पाडलं, पेला छतावर ठेवला, खाली जास्वंदीची फांदी. थेंब पडू लागला तसा त्याचा एक डोळा वर फिरला, दुसरा माझ्यावर. दहा मिनिटांनी त्याने जबडा हलवला. त्या दिवशी सोमवार होता, हा निव्वळ योगायोग, पण आईला फोनवर सांगितला. ती कराडहून म्हणाली, "सरड्याला अभिषेक घालतेस होय गं!"

खाण्याचं काय सांगू. ज्या घरात एक झुरळ दिसलं तर मी रात्रभर जागते, त्याच घरात मी आता दुबिया जातीच्या झुरळांना गाजर किसून आणि मोहरीचा पाला चिरून घालते. त्यांच्या पोटात जे जातं तेच तात्याच्या पोटात जाणार. त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून उथळ पेल्यात ठेवायचं आणि पेला तोंडासमोर बांधायचा. पहिले पाच दिवस जीभ बाहेर येऊन लुळी पडायची, नेम चुकायचा. नवव्या दिवशी चटकन आवाज आला आणि पेला रिकामा. मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या.

सहा आठवड्यांनी खपची निघाली. हाड जुळलं, जरा वाकडं. चिमटा पूर्ण मिटत नाही, जाड फांदी धरतो, बारीक सुटते. सरपटणाऱ्यांची हाडं आपल्यापेक्षा सावकाश भरतात, म्हणून बाईंनी आणखी महिनाभर आडवाच ठेवायला सांगितला. दवाखान्याचा सगळा खर्च पिंजऱ्याच्या चौपट झाला. ह्यांनी बिल पाहून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडचा घोयरा सरडा, म्हणजे तोही कॅमेलिऑनच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो बागेतून उचलून असल्या पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. जखमी सापडला तर वनखात्याला कळवा. माझ्या अनुभवातलं फार तर खोकं, अंधार आणि ओढाओढ न करणं एवढंच घ्या.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला सई आली तेव्हा पिंजरा पुन्हा उभा केला, तिचा हट्ट. पण फांद्या सगळ्या खालच्या अडीच फुटांत, वरचा दीड फूट रिकामा, छताला पत्रा कायमचा. तेवढ्यासाठी चार फुटी पिंजरा घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. धडधाकट सरडा असेल आणि छतापासून फांदी लांब ठेवायची शिस्त असेल तर घ्या, या पैशांत याहून हवेशीर काही मिळत नाही. म्हातारा, अशक्त किंवा हाडांचा जुना आजार असलेला असेल तर पहिल्या दिवसापासून आडवा वापरा. एक तारा छताच्या जाळीसाठी कापला, कारण सोबतच्या कागदावर नखांबद्दल एक ओळ नाही. अर्धा त्या स्क्रूंसाठी. दाराची कडी ढिली झालीय, तिथे सध्या सईचा केसांचा चिमटा लावलाय.