हनालेईची अळूच्या शेतातली टूर: पैसे चिखलाचे द्या, व्ह्यूचे नको

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचातले चार. एक स्टार बुटांपायी कापलाय, ते पुढे येईलच.

झालं असं की आई-बाबा कॅलिफोर्नियाला आमच्याकडे आले होते आणि नवऱ्याने हौसेने कवाईची तिकिटं काढली, हवाईतलं ते सगळ्यात हिरवं बेट. आता आमच्या दोघा म्हाताऱ्यांना बीचवर नुसतं पडून राहणं हा प्रकारच कळत नाही, दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले इथे कोणी शेती करतं की नाही? मग मी शोधून ही टूर बुक केली. फार्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार आहे, पण हनालेईच्या खोऱ्यात अशा टूर शोधल्या की सापडतात. माणशी शंभर डॉलरच्या आसपास पडले. आईला रुपयात सांगितलं नाही.

लिहुएहून, म्हणजे बेटावरच्या विमानतळाच्या गावाहून, गाडीने तासभर. हनालेईच्या अलीकडे, प्रिन्सविलला एक लुकआउट आहे तिथे थांबाच, फुकट आहे. खाली सपाट खोरं, पाण्याने भरलेले हिरवे चौकोन, मधून नदी आणि तिन्ही बाजूंनी उभे डोंगर. आई गाडीतून उतरली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "अगं ही तर खाचरं!" तिचं माहेर संगमेश्वरकडचं, त्यामुळे तिला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. पण भात नव्हे, अळू! तिकडे त्याला कलो म्हणतात, खाचराला लोई आणि पाटाला आउवाई. गंमत म्हणजे मध्ये इथे खरंच भात होता, आधी चिनी आणि मग जपानी लोकांनी लावलेला, तो १९६० च्या सुमारास संपला आणि अळू परत आलं. आज हवाईतलं अर्ध्याहून जास्त अळू या एका खोऱ्यातून जातं.

खाली उतरताना १९१२ सालचा लोखंडी पूल लागतो, एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते. नदी चढली की पूल बंद, म्हणजे टूरही बंद. त्यामुळे रिफंडची अट नीट वाचून बुक करा, आमचं नशीब बरं होतं.

आता तक्रार. वेबसाइटवर लिहिलेलं की गमबूट आम्ही देऊ. तिथे गेलो तर बाबांच्या मापाचे होते, आईच्या मापाचे नाहीत, सगळ्यात लहान जोड घालून आई चालायला लागली तर पाय पुढे आणि बूट मागे. दहा पावलांत एक बूट चिखलात रुतला तो रुतलाच, दोघांनी ओढून काढला. बुकिंग करताना माप विचारायला काय जातं? शेवटी आईने दोन्ही बूट बांधावर काढून ठेवले, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि अनवाणी उतरली. टूरवाली मुलगी घाबरली, पण तिने आधी एकच गोष्ट विचारली, पायाला कुठे जखम नाही ना? कारण तिथल्या ओढ्यांच्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे जखमेतून शिरणाऱ्या तापाची, भीती असते. मुंबईत पावसाळे काढलेल्या माणसाला लेप्टो समजावून सांगावा लागत नाही. नवऱ्याला नव्या सँडलने टाचेला चावलेलं, त्यामुळे तो अख्खी टूर बांधावर उभा राहून फोटो काढत होता. या एका प्रश्नासाठी मुलीला पूर्ण मार्क.

आणि मग मातीचा भाग आला, माझे पैसे तिथे वसूल झाले. त्या मुलीने लोईतून मूठभर चिखल काढला आणि आमच्या हातावर थापला. राखाडी, गार, लोण्यासारखा, वाळूचा कण लागत नाही. म्हणाली अंगठा आणि बोटाच्या मधे दाबत पट्टी काढा, जितकी लांब निघेल तितकी माती चिकण. माझी दीड इंचावर तुटली. आईने कडबोळ्याची करतात तशी आधी वळी केली, मग दाबत दाबत बोटभर लांब पट्टी काढून दाखवली, तुटेना. टूरमधले बाकीचे अमेरिकन टाळ्या वाजवायला लागले.

त्या चिखलात बारीक तांबूस रेघा होत्या, गंजलेल्या तारेसारख्या. मला वाटलं काहीतरी पडलंय. तर ते मुळांच्या वाटेवरचं लोखंड. माती सगळी डोंगरावरच्याच बसाल्टची, त्या काळ्या लाव्हाच्या दगडाची, म्हणजे वरून पाण्याने आणलेला गाळ. वर हवा लागते म्हणून लोखंड गंजतं आणि डोंगर लालभडक, खाली बारा महिने पाणी, हवा नाही, म्हणून रंग जाऊन राखाडी. फक्त अळूची मुळं पानांकडून थोडी हवा खाली नेतात, तेवढ्याच जागी मुळाभोवती गंज धरतो. भाताच्या मुळालाही असंच होतं म्हणे. आई इतकी वर्षं लावणी करून आलेली, तिने हे पाहिलेलं होतं पण कारण आता कळलं, तेही हवाईत जाऊन.

बाबांचं मात्र वेगळंच सुरू झालं. ते मंगळवेढ्याचे, ज्वारीच्या काळ्या रानातले, त्यांच्या मते चिकण माती म्हणजे एप्रिलमध्ये भेगाळली पाहिजे, भेगेत पाय जाईल एवढी, नाहीतर ती काळी कसली. "दगड तोच म्हणता, आमच्याकडचाच बसाल्ट, मग ही भेगाळत का नाही?" मुलीने सुंदर सांगितलं. खोऱ्याच्या वर वाईआलेआले नावाचा डोंगर आहे, तिथे वर्षाला सरासरी ९,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांमधली एक. एवढ्या पावसात दगडातलं चुना-मॅग्नेशियम धुऊन जातं, सिलिकाही जातो, उरतं लोखंड नि अॅल्युमिनियम, आणि फुगून भेगाळणारी माती बनायला तर तेच धुऊन गेलेलं लागतं. शिवाय खालची लोई कधी सुकतच नाही, मग भेग पडणार कधी? भेगाळणारी हवी असेल तर ओआहू बेटावर कोरड्या बाजूला लुआलुआलेई खोरं आहे तिथे जा म्हणाली, तिथली माती उन्हाळ्यात तश्शीच फाटते. म्हणजे थोडक्यात कोकण आणि सोलापूर दोन्ही त्यांच्याकडे आहेत, फक्त बेटं वेगळी. बाबा एकदम खूश, पुढच्या वेळी ओआहू असं जाहीर करून टाकलं, तिकीट कोण काढणार ते नाही सांगितलं.

नवी लोई करताना पूर्वी गावच्या गाव जमून तळ तुडवायचं, पाणी झिरपू नये म्हणून. आई लगेच "चिखलणी!" आमच्याकडे बैल, त्यांच्याकडे माणसं. पण पाणी अडवायचं आणि वाहतंही ठेवायचं, कारण साचून तापलं की खालचा अळूचा कांदा, म्हणजे अळकुडी, कुजतो. लावायला बी नाही, काढलेल्या कांद्याचा वरचा तुकडा देठासकट परत खोचायचा, त्याला हुली म्हणतात. मग नऊ महिने ते वर्षभर वाट बघायची. आम्हाला प्रत्येकी दोन हुली खोचायला दिल्या आणि दहा मिनिटांत बाहेर काढलं. ही दुसरी तक्रार, बांधावर उभं करून इतिहास सव्वा तास आणि चिखलात दहा मिनिटं, उलटं पाहिजे होतं.

इतिहासातली एक गोष्ट मात्र अंगावर आली. एप्रिल २०१८ मध्ये शेजारच्या वाइपामध्ये २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस झाला, अमेरिकेतला विक्रम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता आणि मी त्या रात्री कलिनाहून चालत निघालेली, त्यामुळे आकडा ऐकून पोटात गोळाच आला. लोया गाळाखाली गेल्या आणि हनालेईच्या पुढचा रस्ता वर्षभराहून जास्त बंद होता. ज्या गाळामुळे हे खोरं बनलं तोच एका रात्रीत जास्त आला की वाट लावतो.

पक्षीवाल्यांसाठी, शेजारी १९७२ पासून अभयारण्य आहे, आत अळूची शेती चालते पण आपल्याला बहुतेक ठिकाणी जाता येत नाही. आम्हाला बांधावरून लांब लाल पायांचे आएओ दिसले, शेकाट्याचे भाऊबंदच.

शेवटी खाणं. पोई म्हणजे उकडून कुटलेल्या अळकुडीची जांभळट लापशी. ताजी अगदी मिळमिळीत, दोन दिवसांची आंबट. आईला आंबटवाली आवडली, आंबिलीसारखी लागते म्हणाली, आम्ही बाकी तिघांनी एक बोट चाटून ठेवून दिली. कुलोलो मात्र सोडू नका, किसलेलं अळू, नारळाचं दूध आणि साखर एकत्र वाफवलेलं, चिवट आणि जबरदस्त. आईने पानं मागितली वडीला, तर कळलं की पोईच्या पिकाची पानं फार तोडली तर खाली कांदा भरत नाही. पण खाजेवर चिंच लावायची हे तिने त्या मुलीला शिकवूनच सोडलं.

जाणाऱ्यांसाठी, जुने कपडे न्या, टॉवेल न्या, माप लहान असेल तर स्वतःचे बूट न्या. आणि चपला-बूट तिथल्या नळावर घासून धुवा, हवाईतून मेनलँडला माती न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगा तपासतात. आमच्या बॅगा सुटल्या. आईच्या नखांत मात्र हनालेई सॅन होजेपर्यंत आली, तिथे कोणी बघितलं नाही.