चिखलदरा: पॉइंट कमी करा, गाविलगडाला अर्धा दिवस द्या

"वहिनी, इथलं मार्केट कुठंय?" गाडीतून उतरताच नणंदेचा पहिला प्रश्न. ती पुण्याची, महाबळेश्वराची सवय. म्हटलं, बाई, हेच मार्केट. चार हॉटेलं, भुट्टेवाल्यांच्या शेगड्या, दोन-चार मधाच्या बाटल्या. आम्ही अमरावतीचे, आम्हाला एवढं पुरतं.

पोळा झाल्यावर, सप्टेंबरात गेलो. परतवाड्याहून घाट जेमतेम ३० किलोमीटरचा, पण वळणं अशी की नंदोई अर्ध्यातच खिडकीला डोकं टेकून गप्प झाले. वर साधारण ११०० मीटर उंची. खाली पंखा लागतो तेव्हा इथं शाल घ्यावी लागते.

आमची पहिली चूक म्हणजे जीपवाला. "दहा पॉइंट, तीन तासांत" असा सौदा. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, धुकं बघायचं, फोटो काढायचा, की लगेच हॉर्न. भीमकुंडावर तो कीचकवधाची गोष्ट इंजिन चालू ठेवूनच सांगत होता. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. गोष्ट छान आहे हो, पण ती दरीकडे बघत ऐकायची, गिअरच्या आवाजात नाही. देवी पॉइंटला मात्र मी हट्टानं थांबले. खडकाखालच्या देवळात छतातून पाणी ठिबकतं, मान वाकवून आत जायचं. गार थेंब नेमका मानेवर पडतो.

पंचबोलला पुढचं काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. नंदोईंनी "ओ" दिली. दरीतून प्रतिसाद आला, मागोमाग आणखी एक आला, आणि मग धुक्यातून कुणाचंतरी पोरगं ओरडलं, "कोण हाय?" त्या जीपफेरीत आम्ही तेवढंच मनापासून हसलो.

दुसऱ्या दिवशी जीप नको म्हटलं आणि गाविलगडाला चालत गेलो. आख्ख्या सहलीत पैसे वसूल झाले ते इथं, आणि तेही फुकटात. शार्दूल दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय. पावसानं दगड काळा पडला की तो अधिकच उठून दिसतो. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं हा गड नागपूरकर भोसल्यांच्या फौजेकडून घेतला. तोफांनी बाहेरच्या किल्ल्याची भिंत फोडली, तर आत दुसरा किल्ला आणि मध्ये घळ. शेवटी एक तुकडी शिड्या लावून आतल्या भिंतीवर चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. घळीच्या काठावर उभं राहिलं की हे वाचायची गरजच उरत नाही, पायच सांगतात. आत तोफा गवतात पडल्यात, पडकी मशीद आहे, तलाव आहेत. पाटी मात्र धड एकही दिसली नाही. दुपारी बारानंतर धुकं खाली येतं, म्हणून सकाळीच निघा. चपला घालून जाऊ नका, शेवाळ आहे. मी आपटले, म्हणून सांगते.

राहिलो ते हॉटेल ठीकठाक. खोलीतून दरी दिसते म्हणाले होते, दिसली ती पाण्याची टाकी. गरम पाणी "सहा ते आठ" म्हणजे सव्वासातला दोन बादल्या. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथं, म्हणून मोठ्या हौसेनं कॉफी मागितली, तर पाकिटातली पूड ढवळून आली. पिठलं-भाकर आणि ठेचा मात्र असा की नणंदेनं तिसरी भाकर मागितली. रस्त्यावरचा भुट्टा तिखट-मीठ-लिंबू चोळून घ्या.

मेळघाटात वाघ बघायचा असेल तर पावसाळ्यात येऊ नका, कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली, सफारी तेव्हा बंद असते. शनिवार-रविवार टाळा. पेट्रोल परतवाड्यातच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क धुक्यासारखंच येतं-जातं.

रबडी तिथंच बसून खा. आम्ही अर्धा किलो डब्यात बांधून घेतली आणि घाटातल्या तिसऱ्या वळणावर झाकण निघालं. नंदोईंची पँट धुतली, गाडीची मागची सीट अजून धुतोय.