मुक्ता आणि मुक्ता वाणी: दोन लिप्यांच्या पुस्तिकेसाठी वापरलेले फॉन्ट

मी सांगलीत मुद्रितशोधनाची कामं करते. बडोद्याच्या एका ताईंशी माझी नऊ वर्षांची ओळख, सगळी ईमेलवरची. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. त्या आपल्या आईच्या आठवणी लिहून पाठवतात, मी शुद्धलेखन बघून परत धाडते. यंदा त्याची ६४ पानी पुस्तिका करायची ठरली. डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती. कारण ताईंच्या नातवंडांना मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही.

आधी हाताशी होते ते दोन वेगवेगळे फॉन्ट लावून पाहिले. मराठी पान काळंभोर, गुजराती पान फिकट. गुजरातीला शिरोरेषा नसते, त्यामुळे ते पान आधीच मोकळं दिसतं. ताईंनी लिहिलं, "आमची भाषा पाहुणी वाटते गं." ते मनाला लागलं.

मग मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घेतला, आणि गुजरातीला त्याचंच भावंड, मुक्ता वाणी. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, परवाना खुला आहे, छापायलाही आडकाठी नाही. २०० ते ८०० अशा सात जाडी आहेत. मजकुराला ४०० आणि मथळ्यांना ६०० पुरले. प्रूफ हातभर लांब धरून पाहिलं, तर दोन्ही पानांवरची शाई सारखीच वाटली. माझ्या दृष्टीने याच्या पुढे दुसरं कौतुक नको.

माझी खरी परीक्षा मात्र एका शब्दाची होती. लग्नाच्या प्रकरणात "आचाऱ्यांना शालजोडी दिली" असं वाक्य आहे. आचारी म्हणजे स्वयंपाकी. ऱ ऐवजी साधा र टाइप झाला की रफार येतो, "आचार्यांना" होतं, आणि शालजोडी भलत्याच माणसाच्या खांद्यावर जाते. टंकताना ऱ घ्यायची काळजी आपणच घ्यायची. पण ११ पॉइंटातही मुक्तातला तो आडवा अर्धा र लख्ख दिसतो. डोळे ताणावे लागत नाहीत.

ओव्यांसाठी मात्र मी दुसरा फॉन्ट घेतला. मुक्ताची रेषा सगळीकडे एकाच जाडीची आहे, त्याची घडणच तशी. जात्यावरच्या ओळींना मला बोरूची जाड-बारीक वळणं हवी होती. गद्याला, मथळ्यांना, फोटोखालच्या ओळींना मुक्ता बिनधास्त वापरा.

परवा ताईंनी एका पानाचा फोटो पाठवला. नातवाने उजव्या पानावरच्या ગ, મ, ન या अक्षरांच्या डोक्यावर पेन्सिलीने एकेक आडवी रेघ ओढली आहे, आणि डाव्या पानावरच्या ग, म, न भोवती गोल केले आहेत.