बाहेर बसून गोधडी शिवायची, तर हाताने की मशीनवर?

हवा उबदार झाली की दिव्याखाली शिवत बसणं नकोसं होतं, काम घेऊन झाडाखाली किंवा व्हरांड्यात बसावंसं वाटतं. मग ठरवायचं ते एवढंच, की बाहेर न्यायचं काय: सुईदोरा की मशीन? माझं मत आधीच सांगते. तुकडे जोडायचे असतील तर हातशिलाई. लांब, सरळ शिवणी भराभर संपवायच्या असतील तर मशीन, पण व्हरांड्यात. उघड्या हिरवळीवर मशीन मी नेणार नाही.

हातशिलाईचं सगळं सामान एका डब्यात मावतं. त्यातही बाहेरच्यासाठी सगळ्यात सोयीचं काम म्हणजे कागदी साच्यावरचे षटकोन. कागदावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडायचं आणि सगळ्या बाजू जोडून झाल्या की कागद काढून घ्यायचा. याला टेबल लागत नाही, वीज लागत नाही, शिवण नखाने दाबली तरी बसते. ऊन सरकलं की खुर्ची उचलून सावलीत जाता येतं. मशीनला हे कधीच जमणार नाही.

हाताच्या कामात अडचण घामाची. ओलसर बोटांत सुई घसरते, कापडात अडते आणि पुढे गंजतेही. एमरी पावडर, म्हणजे सुई घासून साफ करणारी खरखरीत पूड, भरलेली छोटी उशी मिळते. तिच्यात सुई दोन-चार वेळा खुपसली की पुन्हा सरसर चालते. दुसरी अडचण मोठ्या गोधडीची. वरचं कापड, आतला भर आणि अस्तर असे तिन्ही थर मांडीवर घेऊन उकाड्यात बसणं म्हणजे अंगावर पांघरूण घेऊन बसणंच. भर पॉलिस्टरचा असेल तर जास्तच गरम होतं. म्हणून बाहेर पूर्ण गोधडी नेऊ नये. एकेक चौकोन तिन्ही थरांसकट वेगळा शिवून शेवटी सगळे जोडण्याची पद्धत इथे फार उपयोगी पडते.

मशीनचा वेग खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण बाहेर तिच्या मागण्या वाढतात. न हलणारं टेबल हवं, वायर कुणाच्या पायात न येणारी आणि ओल्या गवतावरून न जाणारी हवी, पायाखालचं पेडल मातीत न रुतता फळीवर हवं. काळं लोखंडी मशीन उन्हात चटका बसेल इतकं तापतं, तर नव्या मशीनच्या पडद्यावरचे आकडे उन्हात दिसत नाहीत. तेल घातलेल्या भागांवर वाऱ्याने आलेली धूळ चिकटते, म्हणून नंतर बॉबिनचा कप्पा ब्रशने साफ करणं आलंच.

हाताने फिरवायच्या मशीनला वीज लागत नाही, हे आकर्षक वाटतं. पण जुनी लोखंडी मशीन दहा किलोंच्या वर भरतात, आणि एक हात दांडीवर गेला की कापड सांभाळायला एकच उरतो. सरळ शिवणींना चालेल, वळणांना त्रास होतो. वजनाच्या बाबतीत १९३३ मध्ये आलेलं सिंगरचं २२१ हे मॉडेल आजही लोकांना आवडतं, कारण ॲल्युमिनियमच्या अंगामुळे ते साधारण पाच किलोंचंच आहे. मात्र ते विजेवर चालतं.

कापडावर आखलेल्या खुणांकडे नीट लक्ष द्या, दोन्ही पर्यायांत. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाची शाई साधारण ६० अंश सेल्सियसला अदृश्य होते. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान होऊ शकतं, म्हणजे आखलेलं सगळं डिझाइन शिवण्याआधीच जायचं. शिवाय कडक गारठ्यात त्या रेघा परत उमटू शकतात. हवेने आपोआप उडणारी जांभळी शाई दमट दिवशी आणखी लवकर उडते. बाहेरच्या कामासाठी खडूची पेन्सिल बरी.

कापडाचे तुकडे मात्र घरातच कापून ठेवा. रोटरी कटरची (गोल फिरत्या पात्याच्या कटरची) खाली ठेवायची मॅट उन्हात वाकडी होते आणि ती पुन्हा सपाट करणं कठीण असतं. डासांसाठी डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम लावणार असाल तर हात धुऊनच कामाला बसा: सुती कापडाला त्याने काही होत नाही, पण प्लास्टिक आणि रेयॉन खराब होतं. मशीनवर प्लास्टिकचे भाग भरपूर असतात, त्यामुळे हा धोका तिला अधिक.

रंग जुळवायला बाहेरची सावली दिव्याच्या उजेडापेक्षा केव्हाही चांगली. पण निवड झाली की कापडं घडी करून आत न्या, उन्हात राहिली तर विटतात. आणि थर चिकटवायचा स्प्रे वापरत असाल, तर ते काम बाहेरच करा. त्याची वाफ बंद खोलीत छातीत जाते आणि तो पेटही घेतो. वारा पडलेला असताना, खाली जुनी चादर अंथरून, आगीपासून लांब.